मजकूर उद्या पाठवतो

जगातली पहिली वेबसाइट १९९१ साली सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेतून सगळ्यांसाठी खुली झाली. ती टिम बर्नर्स-ली यांनी बनवली, तिच्यातला मजकूर त्यांनीच लिहिला आणि ती ज्या संगणकावरून चालायची तोही त्यांच्याच वापरातला होता. त्या संगणकावर लाल शाईने लिहिलेली एक चिठ्ठी चिकटवलेली होती: हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका. पानावर लोगो नव्हता, संचालकांचा हार घातलेला फोटो नव्हता, डावीकडून उजवीकडे सरकत जाणारी चित्रंही नव्हती. माहिती होती आणि एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणाऱ्या लिंका होत्या. हे सगळं इतकं सुरळीत पार पडण्याचं कारण उघड आहे. या प्रोजेक्टला क्लायंट नव्हता.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं आणि त्यामागोमाग वेबसाइट बनवून देणारे आले. आज पुण्याच्या कोथरूड-कर्वेनगरात, नाशिकच्या गंगापूर रोडवर किंवा कोल्हापूरच्या राजारामपुरीत, खाली झेरॉक्स आणि वर क्लासेस असलेल्या इमारतीचा जिना चढलात, की दुसऱ्या मजल्यावर एखादी वेब एजन्सी सापडतेच. जागा मूळची टू बीएचके. हॉलमध्ये टेबलं, बेडरूममध्ये संचालक, ओट्यावर किटली आणि प्रिंटर शेजारी-शेजारी. बाल्कनी क्लायंटचे फोन घेण्यासाठी राखीव, कारण तिथे रेंज येते आणि आवाज चढला तरी आत ऐकू जात नाही. राउटरच्या प्लगवर ‘काढू नये’ ही चिठ्ठी इथेही असते. फरक इतकाच की इथे ती कोणी वाचत नाही.

एजन्सीच्या स्वतःच्या वेबसाइटवर ‘२५+ तज्ज्ञांची टीम’ असते. प्रत्यक्षात एक संचालक, एक डिझायनर, दोन डेव्हलपर आणि एक फ्रेशर. उरलेल्या तज्ज्ञांचा शोध घेऊ नये. टीमच्या पानावरच्या फोटोत लॅपटॉपभोवती हसत उभे असलेले गोरे लोक कोण, हे संचालकांनाही माहीत नसतं. त्याच पानाच्या तळाशी कॉपीराइटचं साल चार-पाच वर्षं जुनं असतं, कारण जगाच्या वेबसाइट अद्ययावत करणाऱ्यांना स्वतःच्या साइटकडे बघायला सवड नसते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि दिवा एलईडी असला तरी त्यात फरक पडत नाही.

फ्रेशरचं वेगळं सांगायला हवं. तो कॉलेजातून येतो तेव्हा त्याला ‘हॅलो वर्ल्ड’ लिहिता येतं. सहा महिन्यांत तो फॉर्म जोडायला, पेमेंट गेटवे बसवायला आणि क्लायंटशी नम्रपणे खोटं बोलायला शिकतो. वर्षाने तो उत्तम तयार होतो आणि दुप्पट पगारावर हिंजवडीला जातो. तिथे त्याला आठ महिने कामाविना बेंचवर बसवतात. एजन्सी पुन्हा जाहिरात देते: अनुभव नसला तरी चालेल, शिकण्याची तयारी हवी.

अशा ऑफिसात दिवसभर वेबसाइट बनत असतील असा बाहेरच्यांचा समज असतो. तो चुकीचा आहे. वेब एजन्सीत सगळ्यांत कमी वेळ जातो तो वेबसाइट बनवण्यात. बाकीचा वेळ काम मिळवणं, मिळालेल्या कामाचा मजकूर मिळवणं, मजकुरावर होकार मिळवणं आणि होकाराचे पैसे मिळवणं यात जातो. कोड लिहायला डेव्हलपर बसतो तेव्हा खरं तर तो विश्रांती घेत असतो.

पहिल्या मीटिंगपासून सुरुवात करू. क्लायंट म्हणतात, “फार काही नाही हो, साधी पाच पानांची करायची.” संचालक वहीत ‘५ पानं’ लिहितात. चहा येतो. चहा अर्धा होईपर्यंत त्या पाच पानांत ऑनलाइन ऑर्डर शिरते. चहा संपतो तेव्हा ग्राहकाचं लॉगिन, डिलिव्हरीवाल्याचं लॉगिन आणि “ते ॲमेझॉनवर खाली येतं ना, ज्यांनी हे घेतलं त्यांनी हेही घेतलं, तेवढं” अशी भर पडलेली असते. बजेट विचारलं तर “तुम्हीच सांगा”. सांगितलं तर थोडी शांतता, आणि मग भाचा येतो. महाराष्ट्रातल्या प्रत्येक व्यावसायिकाला इंजिनीअरिंग करणारा एक भाचा असतो आणि त्याच्या मते हे सगळं पाच हजारांत होतं. भाच्याने आजवर एकही वेबसाइट बनवलेली नसते, पण पाडलेल्या कोटेशनांची मोजदाद केली तर त्याच्याइतका प्रभाव या उद्योगावर दुसऱ्या कोणाचा नाही.

नमुना म्हणून बहुतेक जण ॲपलचं नाव घेतात. “तशी स्वच्छ पाहिजे, भरपूर मोकळी जागा.” डिझायनर खूश होऊन मोकळी जागा सोडतो. पहिल्याच पाहणीत साहेब विचारतात, “इथे रिकामं का आहे?” मग त्या रिकाम्या जागेत गणपती, संस्थापकांचा फोटो, आयएसओचा शिक्का, ‘आमच्या वेबसाइटवर आपले सहर्ष स्वागत आहे’ ही सरकती पट्टी आणि किती लोक येऊन गेले ते दाखवणारा आकडा बसवला जातो. आकडा शून्यापासून सुरू करायला कोणीच तयार नसतं.

अशा वेळी वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेची वेबसाइट उघडून दाखवावी असं डिझायनरच्या फार मनात येतं. जगातल्या सगळ्यांत मोठ्या कंपन्यांपैकी ही एक. पण पहिल्या पानावर साध्या अक्षरांत लिंकांची यादी आणि खाली एक सूचना: वेबसाइटबद्दल काही म्हणायचं असेल तर टपालाने कळवा, मात्र माणसं कमी असल्यामुळे उत्तर देता येणार नाही. पण हे दाखवण्यात धोका असतो. क्लायंट बारकाईने बघतात आणि म्हणतात, “एवढंच आहे? मग तुम्ही इतके पैसे कशाचे घेता?”

कोटेशन मंजूर होतं, ॲडव्हान्स येतो, डिझाइनही तयार होतं. इथून पुढे प्रोजेक्ट थांबतो. कारण मजकूर.

मजकूर म्हणजे ‘आमच्याविषयी’ या पानावरच्या दोनशे शब्दांपासून उत्पादनांच्या यादीपर्यंत सगळं काही. हे क्लायंटने द्यायचं असतं, आणि करारातही तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. क्लायंट ते कधीच नाकारत नाहीत. ते म्हणतात, “उद्या पाठवतो.” मग लग्नसराई येते, मग मार्चएंड, मग पालखी, मग गणपती. दसऱ्याच्या सुमारास त्यांचा स्वतःहून फोन येतो, “आपली साइट कुठवर आली?” एजन्सीवाले मजकुराची आठवण करून देतात, तेव्हा ते अत्यंत उदारपणे म्हणतात, “तोपर्यंत टाका की काहीतरी.”

या काहीतरीला मोठी परंपरा आहे. डिझायनर मजकुराच्या जागी भरतात तो ‘लोरेम इप्सम’ नावाचा लॅटिन उतारा रोमन वक्ता सिसेरो याने इसवी सनपूर्व ४५ मध्ये लिहिलेल्या ग्रंथातून तोडून-मोडून घेतलेला आहे. गेल्या शतकातल्या साठच्या दशकात लेट्रासेट कंपनीच्या अक्षरांच्या चिकटपट्ट्यांमुळे तो पसरला, ऐंशीच्या दशकात पेजमेकरमधून संगणकावर आला. दुःख हे दुःख म्हणून कोणालाच आवडत नाही, अशा अर्थाचं काहीतरी मूळ उताऱ्यात आहे. दोन हजार वर्षांनी तो सांगलीच्या एखाद्या हळद व्यापाऱ्याच्या वेबसाइटवर ‘आमची गुणवत्ता’ या मथळ्याखाली झळकतो आणि कित्येकदा तिथेच राहतो. तक्रार येत नाही. आपल्या वेबसाइटवरचं ‘आमच्याविषयी’ कोणी वाचत नाही हे एजन्सीला ठाऊक असतं; ते क्लायंटही वाचत नाहीत, हा शोध उशिरा लागतो.

वर्डप्रेसची गोष्टही तीच. २००३ साली सुरू झालेल्या या फुकट प्रणालीवर आज जगातल्या पाचपैकी दोन वेबसाइट चालतात आणि छोट्या एजन्सीची चूल बहुतांशी तिच्यावरच पेटते. नवी साइट उभी केली की नावाखाली ‘जस्ट अनदर वर्डप्रेस साइट’ असं घोषवाक्य आपोआप यायचं. ते बदलायचं असतं. ते न बदलल्यामुळे कित्येक प्रतिष्ठित हॉस्पिटलं, शाळा आणि वकिलांची ऑफिसं आपण ‘आणखी एक वर्डप्रेस साइट’ असल्याचं वर्षानुवर्षं जगाला सांगत राहिली. अखेर २०२२ मध्ये वर्डप्रेसवाल्यांनीच कंटाळून ती जागा कोरी ठेवायला सुरुवात केली.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि मजकुराचा दुष्काळ संपला असं वाटलं. आता क्लायंट खरंच दुसऱ्या दिवशी मजकूर पाठवतात. दहा पानं येतात. ‘आजच्या वेगवान युगात’ अशी सुरुवात असते आणि पुढे गुणवत्ता, विश्वास, नावीन्य आणि ग्राहकांचं समाधान. साताऱ्यातला कंदी पेढेवाला, इचलकरंजीतला यंत्रमागवाला आणि कोल्हापूरचा फाउंड्रीवाला या तिघांचा मजकूर शेजारी ठेवला तर कोणता कोणाचा ते कळत नाही. मग संचालक फोन लावतात. फाउंड्रीवाले साहेब बोलू लागतात: वडिलांनी भाड्याच्या शेडमध्ये एकच भट्टी घेऊन सुरुवात केली, पहिली ऑर्डर पंपाच्या बॉडीची होती, ती तीनदा रिजेक्ट झाली, चौथ्यांदा पास झाल्यावर सगळ्या कामगारांना जिलेबी वाटली. अर्धा तास ते उत्तम बोलतात. संचालक म्हणतात, “साहेब, हेच लिहून द्या ना.” त्यावर साहेब ओशाळतात. “छे हो, हे काय वेबसाइटवर टाकायचं असतं का? ते आपलं प्रोफेशनल वाटलं पाहिजे.”

आणि मजकूर मराठीत असला तर त्याची एक स्वतंत्र यातना आहे.

क्लायंटचा मजकूर बहुधा गल्लीतल्या डीटीपीवाल्याने श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला असतो. हे जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवून चालायचे. संगणकाच्या दृष्टीने ते इंग्रजीच. फॉन्टचा मुखवटा असेपर्यंत मराठी. तो मजकूर कॉपी करून वेबसाइटवर चिकटवला की मुखवटा गळतो आणि ‘कै. तात्यासाहेब यांच्या पुण्यस्मृतीस’ या जागी कंस, डॉलर, टक्के आणि उलटसुलट इंग्रजी अक्षरांची मिसळ उरते. मग फ्रेशर ती मिसळ युनिकोडच्या कन्व्हर्टरमधून काढतो. नव्वद टक्के नीट येतं. उरलेल्या दहा टक्क्यांत रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, पहिली वेलांटी एक घर चुकते आणि संस्थेच्या अध्यक्षांच्या नावाचं असं काही होतं, की ते छापण्यासारखं राहत नाही. अध्यक्षांना ते सगळ्यांत आधी दिसतं.

एवढ्यावर भागत नाही. युनिकोडमध्ये मराठी आणि हिंदी एकाच खणात असल्यामुळे ब्राउझरला सांगावं लागतं की हे पान मराठी आहे. कोडच्या अगदी सुरुवातीलाच भाषेच्या जागी मराठीची खूण टाकायची असते. ती टाकली आणि फॉन्टमध्ये सोय असली, तर ‘ल’ आणि ‘श’ आपल्या शाळेतल्या वळणाचे येतात; नाही टाकली तर हिंदी वळणाचे. मुंबईच्या ‘एक टाइप’सारख्या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींनी देवनागरीवर चांगलं काम केलं आहे आणि ‘तिरो देवनागरी मराठी’ नावाचा मराठीसाठी वेगळा फॉन्ट फुकट मिळतो, पण ते डेव्हलपरच्या कानावर गेलेलं नसतं. एरवी कोणाचं लक्षही जात नाही. पण क्लायंटच्या वडिलांनी ३५ वर्षं शिक्षकी केलेली असते. ते चष्मा कपाळावर चढवतात, मोबाइल नाकाजवळ नेतात आणि विचारतात, “हा ल असा का? आपली शाळा काय उत्तर प्रदेशात आहे?” डेव्हलपरला आपल्या कोडमधली चूक तिऱ्हाइताने इतकी नेमकी दाखवल्याचा हा बहुधा पहिलाच अनुभव.

डिझाइन पाहून होकार देण्याची पद्धत एकेकाळी ईमेलची होती. आता सगळं व्हॉट्सॲपवर चालतं. क्लायंट लॅपटॉपच्या पडद्याचा मोबाइलने फोटो काढतात. फोटो तिरका असतो, त्यात ट्यूबलाइटची झळाळी असते, कोपऱ्यात वाटीत चिवडा असतो, आणि बोटाने काढलेलं लाल वर्तुळ अर्ध्या पडद्याला कवेत घेतं. खाली एकच वाक्य: “हे जरा बघा.” काय बघायचं? विचारलं तर व्हॉइस नोट येते. ती गाडी चालवताना रेकॉर्ड केलेली असते. तीन मिनिटांपैकी दोन मिनिटं सिग्नलची आणि पुढच्या रिक्षावाल्याची. शेवटी कळतं की लाल वर्तुळ चुकून उमटलं होतं, बोलायचं होतं ते मेनूबद्दल. रंगावरून तर घरातल्या सगळ्यांचं मत घेतलं जातं. मुलगी म्हणते फिकट, सौ. म्हणतात गडद, साहेब म्हणतात “दोन्ही ऑप्शन पाठवा”. हसण्याआधी एक लक्षात घ्यावं. गुगलमध्ये दोन निळ्यांपैकी कोणता हे ठरेना, म्हणून त्या दोहोंच्या मधल्या ४१ छटांची चाचणी घेतली गेली. २००९ मध्ये डग्लस बोमन या तिथल्या डिझायनरने कंपनी सोडताना हे लिहून ठेवलं. साहेबांचं कुटुंब त्यामानाने काटकसरी आहे.

मग येतो उद्घाटनाचा दिवस. क्लायंटला दसरा, पाडवा नाहीतर अक्षय्य तृतीया हवी असते. डोमेनचा पत्ता नव्या सर्व्हरकडे वळवला, की जगभरातल्या यंत्रांच्या स्मरणातला जुना पत्ता जायला काही तास, कधी एक-दोन दिवस लागतात. त्यांना आपला मुहूर्त माहीत नसतो. शहाणे एजन्सीवाले साइट दोन दिवस आधीच गुपचूप सुरू करतात आणि पाहुण्यांनी बटण दाबलं की आधीपासून चालू असलेलं पान उघडतं. टाळ्या पडतात. तेवढ्यात क्लायंटच्या मेहुण्यांचा फोन, “माझ्याकडे जुनीच दिसतेय.” डेव्हलपर दिवसभर एकच मंत्र जपतो: कंट्रोल दाबून एफ-फाइव्ह मारा. मोबाइलवर एफ-फाइव्ह कुठे असतं, या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसतं.

उद्घाटन फसलंच तर धीर देणारी उदाहरणं मोठमोठी आहेत. अमेरिकन सरकारने आरोग्य विम्यासाठी बनवलेली हेल्थकेअर डॉट गव्ह ही साइट १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झाली, तेव्हा पहिल्या दिवशी सगळ्या गर्दीतून जेमतेम सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. आपल्या तालुक्याच्या पतसंस्थेचा फॉर्म पहिल्या दिवशी नऊ जणांनी भरलेला असतो. त्यातले चार एजन्सीतलेच असतात, ते सोडा.

साइट एकदा चालू झाली की ती एजन्सी सोडून सगळे विसरतात, आणि वर्षाने एजन्सीही विसरते. मग एका सकाळी साइटच्या जागी ‘हे डोमेन विकणे आहे’ अशी पाटी दिसते. नूतनीकरणाची सूचना ज्या ईमेलवर जात होती तो ईमेल नोकरी सोडून गेलेल्या फ्रेशरचा असतो. यातही मोठ्यांची सोबत आहे. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्ट पासपोर्ट डॉट कॉम या डोमेनचे पैसे भरायला विसरली आणि हॉटमेलचं लॉगिन अडलं. शेवटी लिनक्सवर काम करणाऱ्या, मायक्रोसॉफ्टशी काडीचा संबंध नसलेल्या एका प्रोग्रॅमरने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरले आणि जगाची मेल सुरू केली. आपल्याकडे असे भले लोक कमी. इथे डोमेन घेणारा माणूस पस्तीसच्या जागी पस्तीस हजार मागतो.

बॅकअपचं तर विचारूच नये. “बॅकअप आहे ना?” या प्रश्नाला प्रत्येक एजन्सीत छातीठोक “हो” असं उत्तर मिळतं. “शेवटचा कधी उघडून पाहिला?” या प्रश्नाला मिळत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या जगभरच्या प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीत रात्री उशिरा एका इंजिनीअरने चुकीच्या सर्व्हरवर डेटा पुसण्याची आज्ञा दिली. चूक कळेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरला होता. बॅकअपचे पाच प्रकार लावलेले होते, पाचांपैकी एकही धड चालत नव्हता. वाचवलं ते सहा तासांपूर्वी सहज म्हणून काढून ठेवलेल्या एका प्रतीने. कंपनीने मात्र लपवाछपवी केली नाही. दुरुस्तीचं काम चक्क यूट्यूबवर थेट दाखवलं. कोथरूडच्या एजन्सीत असा प्रसंग आला तर क्लायंटला “सर्व्हरचं मेंटेनन्स चालू आहे” असं सांगतात. पुण्यात गुरुवारी पाणी बंद ठेवायची रीत असल्यामुळे मेंटेनन्स हा शब्द ऐकल्यावर पुढे काही विचारायचं नसतं, हे इथल्या माणसाला पक्कं माहीत असतं.

स्थानिक क्लायंटांना कंटाळून काही एजन्सी परदेशाची वाट धरतात. मेलबर्नची किंवा डलासची एखादी एजन्सी काम घेते, इथे करून घेते आणि आपल्या नावाने देते. याला व्हाइट लेबल म्हणतात. पैसे बरे आणि मुख्य म्हणजे मजकूर तयार येतो. त्यातून राजारामपुरीतल्या डेव्हलपरला टेक्सासमधल्या दाताच्या दवाखान्यांची इतकी माहिती होते, की रूट कॅनालच्या वेगवेगळ्या पॅकेजांबद्दल तो झोपेतही सांगू शकतो. स्वतःची दाढ मात्र तीन महिने ठणकत असते. डलासवाल्यांशी मीटिंग रात्री. मार्चमध्ये तिकडची घड्याळं तासाने पुढे जातात तेव्हा इथला माणूस तासभर उशिरा उगवतो, नोव्हेंबरमध्ये मागे येतात तेव्हा रिकाम्या पडद्यासमोर केस विंचरून तासभर बसलेला असतो.

या सगळ्यांतून एक स्वप्न तयार होतं. प्रत्येक एजन्सीच्या व्हाइटबोर्डवर, पुसायचं नाही असं लिहून, कोपऱ्यात एक चौकोन असतो: आपलं प्रॉडक्ट. क्लायंट नको, मजकूर नको, आपण आपलं बनवू आणि दरमहा पैसे येतील. हे स्वप्न अगदीच खुळं नाही. शिकागोची थर्टी सेव्हन सिग्नल्स ही १९९९ मध्ये वेबसाइट डिझाइन करणारी छोटी कंपनी म्हणून निघाली. क्लायंटांशी चाललेला गोंधळ आवरायला त्यांनी घरच्यापुरतं एक साधन बनवलं, ते २००४ मध्ये बेसकॅम्प म्हणून विकायला काढलं आणि त्यातूनच रुबी ऑन रेल्स ही प्रोग्रॅमरांची लाडकी चौकट निघाली. अटलांटातल्या एका वेब एजन्सीला छोटे क्लायंट सारखे ‘आमच्या ग्राहकांना ईमेल पाठवायची सोय करून द्या’ म्हणायचे. एजन्सीने २००१ मध्ये जोडधंदा म्हणून ती सोय केली, सहा वर्षांनी वेबसाइटचं काम बंद करून तेवढंच धरलं. तेच मेलचिंप. २०२१ मध्ये इंट्यूइट कंपनीने ते सुमारे १२ अब्ज डॉलरना घ्यायचं ठरवलं. ही बातमी आपल्याकडच्या संचालकांनी फ्रेम करून लावायची तेवढी बाकी ठेवली. फक्त एक गोष्ट ते पाहत नाहीत: या दोन्ही कंपन्यांनी प्रॉडक्ट शोधलं ते क्लायंटच्या कटकटीतच. इथे कटकटीचा साठा भरपूर आहे, पण शनिवारी दुपारी ‘आपल्या प्रॉडक्ट’वर बसायचं ठरलं, की नेमका हळदवाल्यांचा फोन येतो. फॉर्म चालत नाहीये.

शेवटचा अध्याय पैशांचा, आणि तो विनोदी नाही. बिल काढलं की १८ टक्के जीएसटी सरकारला द्यावा लागतो. क्लायंटने पैसे दिलेत की नाहीत याच्याशी सरकारला घेणं नसतं. म्हणजे न मिळालेल्या पैशांवरचा कर आधी खिशातून भरायचा. मग क्लायंट पैसे देताना टीडीएस कापतात. तांत्रिक सेवेला दोन टक्के, व्यावसायिक सेवेला दहा, अशी तरतूद असते, आणि वेबसाइट यातली कोणती हा वाद क्लायंटचे सीए सावधपणे दहा कापून मिटवतात. उरलेले पैसे मागायला फोन केला तर “अहो, त्या शेवटच्या पानाचं जरा बाकी आहे ना” असं ऐकू येतं. शेवटच्या पानाचा मजकूर अर्थातच आलेला नसतो.

हे फक्त इथलंच दुखणं नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोचे डिझायनर माइक मॉन्टेरो यांनी २०११ मध्ये ‘आधी माझे पैसे दे’ अशा अर्थाच्या, शिवीने सुरू होणाऱ्या मथळ्याचं भाषण दिलं, आणि भाषणाला स्वतःचा वकील सोबत आणला. जगभरच्या एजन्सींमध्ये ते आजही पाहिलं जातं. आपल्याकडे वकिलाआधी कायदा वापरून बघायला हरकत नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशिरा दिले तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. १ एप्रिल २०२४ पासून तर आयकरातही पाचर बसली आहे: असे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत क्लायंटला तो खर्च दाखवता येत नाही. व्यापारी याला कलम ४३ बी (एच) म्हणून ओळखतात आणि मार्च जवळ आला की त्यांचे सीए त्यांना हे नाव घेऊन घाबरवतात. त्या महिन्यात क्लायंटांना एजन्सीची एकदम आठवण येते ती यामुळेच.

या तरतुदीचा लाभ मिळतो तो सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असणाऱ्यांना, म्हणून ही नोंद काम घेण्याआधी करून ठेवावी. उद्यम पोर्टलवर ती करायला आधार, पॅन आणि लागू असेल तर जीएसटी क्रमांक लागतो, कागद अपलोड करावे लागत नाहीत आणि फी शून्य रुपये आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या बऱ्याच वेबसाइट दिसतील, त्यांतल्या एकीलाही पैसे देऊ नयेत.